शेपू आवडायला किती दिवस लागतात? नावडती भाजी अंगवळणी पाडण्याची सविस्तर कृती

आमच्याकडे शेपूची जुडी आली की वास आधी जिन्यात पोचतो. पाच वर्षांचा मुलगा दारातूनच विचारतो, "आज ते वासाचं आहे का?" नवरा काही बोलत नाही, जेवताना फक्त लोणच्याची बरणी जवळ ओढून घेतो. त्यांना नावं ठेवायला मला तोंड नाही. तिशी उलटेपर्यंत मी स्वतः शेपूला हात लावला नव्हता. सासरी आल्यावर दर पंधरवड्याला ताटात आला म्हणून नाइलाजाने खाल्ला, आणि कधीतरी एका पावसाळ्यात लक्षात आलं की मी दुसऱ्यांदा वाढून घेतेय. कोणी मला शेपूचे गुण पटवून दिले नव्हते. मी मन वगैरे घट्ट केलं नव्हतं. नुसता तो येत राहिला होता.

आवडीनिवडी उपजत असतात असं आपण धरून चालतो. काही अंशी ते खरं आहे: गोड सगळ्या बाळांना आवडतं, कडू जवळजवळ कुणालाच नाही. बाकीची बरीचशी आवड मात्र हळूहळू घडते. ती कशी घडते यावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ प्रयोग झालेत. त्यांतलं जे स्वयंपाकघरात वापरता येतं आणि आमच्या घरी वापरून पाहिलंय, तेवढंच इथे देते. उदाहरण शेपूचं आहे. कारलं, दोडका, मेथी, लाल भोपळा यांनाही पद्धत तीच, थोडाफार फरक करून.

आधी नाक धरून पाहा

"आवडत नाही" म्हणजे नेमकं काय आवडत नाही, हे कळल्याशिवाय काही सुरू करू नका. ते शोधायला दोन मिनिटं लागतात. चिमूटभर बडीशेप घ्या, नाक चिमटीत घट्ट धरा आणि चावा. जिभेला किंचित गोडसर लागेल, बाकी भुसा. आता नाक सोडा. बडीशेप एकदम 'उगवते'. आपण जिला चव म्हणतो तिच्यात वासाचा वाटा किती मोठा असतो, ते असं कळतं. हाच खेळ शेपूच्या भाजीच्या घासावर करा. नाक धरल्यावर घास बिनतक्रार जात असेल तर भांडण वासाशी आहे. तरीही तोंड वाकडं होत असेल तर कडवटपणा किंवा स्पर्श छळतोय: भेंडीचा चिकटपणा, गवारीच्या शिरा, वांग्याचा लिबलिबीतपणा.

तिन्हींवर उपाय वेगळे. स्पर्शाची तक्रार सगळ्यात सोपी, कारण ती चिरण्याने आणि परतण्याने सुटते. भेंडी कोरडी पुसून चिरली, झाकण न ठेवता परतली की अर्धं काम झालं. कडवटपणासाठी आपल्याकडे कारल्याला मीठ चोळून ठेवायची रीत आहेच. मिठाने पाणी सुटतं, त्याबरोबर थोडा कडूपणा जातो, शिवाय उरलेलं मीठ जिभेवरची कडू चवच दाबतं. हे दुसरं काम १९९७ मध्ये ब्रेस्लिन आणि बोशां या संशोधकांनी दाखवून दिलं. काहींची जीभ जन्मतःच जास्त तिखट नजरेची असते हेही लक्षात ठेवा. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका रसायनाची पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सना काहीच लागली नाही. तो फरक आनुवंशिक निघाला. तेव्हा "एवढं काही कडू नाहीये" हे वाक्य मुलाला म्हणू नका. तुमच्या तोंडात नसेल, त्याच्या असेल.

वासाची तक्रार मात्र सवयीनेच सुटते, आणि पुढचं सगळं मुख्यतः तिच्यासाठी आहे.

एक अपवाद इथेच सांगून टाकते. एखादी भाजी खाल्ल्यावर मुलाला उलट्या झाल्या असतील, मग दोष भाजीचा असो वा तापाचा, तर तिला काही महिने रजा द्या. १९५५ मध्ये जॉन गार्सिया यांनी उंदरांवर दाखवलं की गोड पाणी पिण्याबरोबर मळमळ आणणारा किरणोत्सर्ग दिला तर उंदीर ते पाणी टाळू लागतात. शरीर हा धडा एका फटक्यात शिकतं आणि फार उशिरा विसरतं.

वय बघा

दीड-दोन वर्षांपर्यंत जे मूल सगळं खात होतं ते अचानक हिरवं दिसलं की तोंड फिरवतं, आणि घरात दोषारोप सुरू होतात. साधारण दोन ते सहा या वयात मुलांना नव्या पदार्थाची धास्ती वाटतेच. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. याउलट उष्टावणानंतरचे महिने फार मोलाचे, कारण तेव्हा बाळ नवी चव पटकन घेतं. पेजेत, वरणात थोडी थोडी वेगवेगळी भाजी शिजवून घोटून घालायची ती याच काळात.

त्याच्याही आधीची गोष्ट बघा. चव आणि वास यांवर संशोधन करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गर्भवती शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस प्यायल्या, काही बाळंतपणानंतर. त्यांच्या बाळांनी पुढे गाजर घातलेली पेज इतर बाळांपेक्षा कमी तोंड वाकडं करत खाल्ली. आपल्याकडे बाळंतिणीला बाळंतशोपा देतात, म्हणजे शेपूचंच बी. त्यातलं कार्व्होन हे सुगंधी द्रव्य आईच्या दुधात उतरतं, असं डेन्मार्कमधल्या संशोधनात दिसलंय. बाळंतशोपा देणाऱ्या घरांतली बाळं पुढे शेपू आनंदाने खातात का, असा प्रयोग कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. आमच्या चिरंजीवांनी तरी त्याचा काही मान ठेवलेला नाही.

पायरी १: एकच भाजी, एकच चमचा

सहा आठवड्यांसाठी एकच भाजी निवडा. सगळ्या नावडत्या भाज्या एकदम सुधारायला गेलात तर जेवणाची वेळ म्हणजे रोजची कोर्टाची तारीख होते. मात्रा एक चहाचा चमचा, त्याहून जास्त नाही. ताटात डावीकडे, चटणी-कोशिंबिरीच्या रांगेत, लोणच्याएवढी. बाकी ताटात मुलाचं ओळखीचं असं काहीतरी असलंच पाहिजे, म्हणजे भुकेचा धाक राहत नाही.

आणि चाखायला हवं. नुसतं ताटात दिसून चालत नाही. लीअन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ मध्ये लहान मुलांना काही पदार्थ फक्त दाखवले आणि काही चाखायला दिले. बघून दिसायला आवडले, पण चव आवडायला जिभेवर जावंच लागलं. चाटून परत ठेवलं तरी चालेल. थुंकलं तरी चालेल, त्यासाठी एक वाटी जवळ असू द्या. आमच्या सासूबाईंना ही वाटी अजिबात पसंत नव्हती. "अगं, अन्न थुंकायला शिकवतेस होय?" मी म्हटलं, "आई, महिनाभरच." वाटी दहा-बारा दिवसांत आपोआप मागे पडली. थुंकायची मुभा असली की मूल तोंडात घालायला कमी घाबरतं.

पायरी २: खुणा मोजा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त घरांत इथेच माशी शिंकते. दोन-तीनदा देऊन "त्याला नाहीच आवडत" असा शिक्का मारला जातो. बर्च आणि मार्लिन यांच्या १९८२ च्या प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ कुठले दोनदा, कुठले पाच, दहा, पंधरा, वीस वेळा चाखायला दिले. जितक्या जास्त वेळा, तितकी पसंती जास्त. लंडनमध्ये जेन वॉर्डल यांच्या गटाने २००३ मध्ये आईवडिलांकडूनच हे करून घेतलं: मुलाची नावडती एक भाजी, दोन आठवडे, रोज एकदा चाखायला. त्या मुलांची आवड वाढली. ज्या पालकांना फक्त आहाराची माहितीपत्रकं दिली, त्यांच्या मुलांत तेवढा फरक पडला नाही. भाजीचे गुण ऐकवण्याने काय होतं, याचं उत्तर इथे आहे.

म्हणून हिशेब दहा ते पंधरा वेळांचा धरा. तो डोक्यात राहत नाही. आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने खूण करतो: चाखलं तर उभी रेघ, थुंकलं तर रेघेवर टिंब, तोंडच लावलं नाही तर गोल. गोल मोजणीत धरायचा नाही. या खुणांचा खरा उपयोग मोठ्यांना होतो. आपल्याला वाटतं की महिनाभर झगडतोय, आणि चौकोन मोजले तर रेघा असतात चार.

रोज शेपू करायचा का? नाही. एकदा केलेली मूगडाळ घातलेली भाजी फ्रिजमध्ये दोन दिवस नीट राहते, रोज एक चमचा गरम करायचा. आठवड्यात तीन-चार खुणा झाल्या तरी सहा आठवड्यांत अठरा ते चोवीस होतात.

ही जादू फक्त भाजीची नाही. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये लोकांना अर्थ न कळणारे शब्द आणि चिनी अक्षरं कमी-अधिक वेळा दाखवली. जी जास्त वेळा दिसली, त्यांचा अर्थ काहीतरी चांगला असणार असं लोकांना वाटू लागलं. रेडिओवर पहिल्यांदा कंटाळवाणं वाटलेलं गाणं विसाव्यांदा आपण गुणगुणतो, ते याच चालीने. मात्र पहिल्याच भेटीत किळस आली असेल तर नुसत्या भेटी वाढवून भागत नाही. तिथे पुढची पायरी लागते.

पायरी ३: ओळखीच्या माणसाबरोबर पाठवा

नवी चव एकटी येऊ नये. सोबत आवडती चव आणि पोटाला आधार देणारं काही असलं की शरीर दोन्हींची गाठ मारतं. आपल्याकडच्या जुन्या बायकांनी हे कुठल्या प्रयोगाशिवाय ओळखलं होतं: पालेभाजीत शेंगदाण्याचं कूट, मेथीत डाळीचं पीठ, कारल्यात चिंचगूळ, वर तुपाची धार.

शेपूची चढण आम्ही अशी बांधली. पहिल्या आठवड्यात थालीपीठ, एका थालीपिठात जेमतेम चमचाभर चिरलेला शेपू, बाकी कांदा-कोथिंबीर, आणि वर लोणी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मूगडाळ भरपूर, शेपू कमी. त्याची कृती अशी: अर्धी वाटी मूगडाळ तासभर भिजवा. जुडी निवडताना जाड देठं टाका, कोवळी राहू द्या, धुवून बारीक चिरा. तेलात मोहरी, हिंग, सात-आठ लसूण पाकळ्या लालसर होईपर्यंत, एखादी हिरवी मिरची मोडून. आधी डाळ घाला, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, डाळ बोटाने दबायला लागली की शेपू घाला, मीठ घाला, झाकण काढा. पाच-सात मिनिटं. लसणाला हात आखडता घेऊ नका, शेपूच्या वासाला तोच पुरा पडतो. चौथ्या आठवड्यापासून डाळ कमी करत या आणि बरोबर ज्वारीची गरम भाकरी द्या.

लपवू मात्र नका. पराठ्यात वाटून, रंग उडवून, "काही नाही, साधाच आहे" असं सांगून खाऊ घातलेला शेपू पोटात जातो, ओळखीत जमा होत नाही. ज्या दिवशी ते उघडकीला येतं त्या दिवशी साध्या पराठ्यावरचाही विश्वास उडतो. थालीपिठात हिरवं दिसू द्या, आणि विचारलं तर नाव सांगा.

पायरी ४: निवडायला द्या

मराठीत 'निवडणं' हा शब्द दोन कामं करतो हे मला फार आवडतं. मुलाला दोन्ही अर्थांनी निवडायला बसवा.

मंडईत न्या आणि विचारा, "आज शेपू घेऊ का मेथी?" दोनच पर्याय, दोन्ही तुम्हाला चालणारे. "काय खाशील?" असं मोकळं विचारलंत तर उत्तर बटाटा येणार, आणि मग नाही म्हणायची पाळी तुमच्यावर. त्याने निवडलेली जुडी त्यालाच पिशवीत धरू द्या. घरी वर्तमानपत्रावर पसरून शेजारी बसवा. देठ मोडताना बोटांना वास लागतो, तो हुंगला जातो, ताटात येण्याआधीच अर्धी ओळख झालेली असते.

आपण जे निवडलं ते निवडल्यानंतर थोडं जास्त आवडू लागतं. जॅक ब्रेम यांनी १९५६ मध्ये बायकांना टोस्टरसारख्या घरगुती वस्तूंना गुण द्यायला लावले, मग त्यांतल्या दोहोंपैकी एक भेट म्हणून निवडायला सांगितली आणि पुन्हा गुण विचारले. निवडलेलीचे वाढले, नाकारलेलीचे उतरले. या प्रयोगाच्या गणितावर पुढे आक्षेप आले. ते दोष काढून केलेल्या प्रयोगांत परिणाम उरला, पण आधी वाटला त्यापेक्षा लहान. म्हणजे निवडीच्या जोरावर शेपू लाडका होणार नाही, पण "मी आणलाय" म्हणून एक घास नक्की जातो. साडी घेऊन घरी आल्यावर दुकानात राहिलेल्या साडीचे काठ आपल्याला कसे भडक वाटू लागतात, आठवून बघा.

पायरी ५: लाच बंद, भाषण बंद

"भाजी संपव, मग श्रीखंड." या एका वाक्यात मुलाला दोन गोष्टी कळतात: भाजी ही शिक्षा, श्रीखंड हे बक्षीस. बर्च यांनी १९८४ मध्ये मुलांना एक नव्या चवीचं पेय दिलं. काहींना ते प्यायल्यावर बक्षीस किंवा भरपूर शाबासकी, काहींना काहीच नाही. बक्षीसवाल्या आणि शाबासकीवाल्या मुलांची त्या पेयाची आवड उतरली. ज्यांना काहीच मिळालं नाही, त्यांची उतरली नाही.

इथे थोडी सूट आहे. ब्रिटनमधल्या २०११ च्या एका प्रयोगात नावडती भाजी चाखल्याबद्दल फक्त एक स्टिकर दिला, तर आवड कमी न होता वाढलीच. माझा अर्थ असा: बक्षीस खाण्याचं नको, छोटं असावं, आणि एका चमच्याच्या धाडसापुरतं. आमच्याकडे कालनिर्णयवरची रेघ मुलगा स्वतः ओढतो, तेवढं त्याला पुरतं.

"चिऊचा घास, काऊचा घास" चालेल का? वर्षाच्या बाळाला जरूर. पाच वर्षांच्या मुलाला सासूबाई असं भरवायला लागल्या की तो तोंड मिटून घ्यायचा, आणि त्या आणखी चिमण्या बोलवायच्या. शेवटी त्यांना मी एक काम दिलं: त्याच्यासमोर बसून स्वतः शेपू-भाकरी खायची, त्याच्या ताटाकडे बघायचं नाही. चौथ्या दिवशी त्यानेच विचारलं, "आजी, तुला ते वासाचं आवडतं?" त्या म्हणाल्या, "मला तर फार." झालं, पुढे एक शब्द नाही. त्या दिवशीची रेघ बिनटिंबाची आहे.

पायरी ६: पंगत

बर्च यांचाच १९८० चा एक प्रयोग मला सगळ्यात पटतो. एका मुलाला त्याची नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या तीन-चार मुलांबरोबर जेवायला बसवलं. चारच दिवसांत ते मूलही ती भाजी घेऊ लागलं, आणि पुढेही त्याची आवड बदललेली राहिली. शाळेतली अंगतपंगत हेच करते. घरी नाकारलेली गवार मैत्रिणीच्या डब्यातली चालते, यावर आईने रुसण्यात अर्थ नाही. उलट शेपू खाणाऱ्या एखाद्या पोराला शनिवारी जेवायला बोलवा.

सणही वापरा. बऱ्याच घरांत गौरी येतात त्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य असतो. त्या दिवशी तो वास उदबत्ती, हळदीकुंकू, पाहुणे, नवे कपडे यांच्यात मिसळलेला असतो. माझ्या नवऱ्याची बहीण एरवी शेपूला नाक मुरडते, गौरींच्या दिवशी मात्र मागून घेते. तिच्या लेखी ती वेगळी भाजी आहे.

मोठ्यांसाठी

पद्धत तीच, पण मोठ्या माणसाला कोणी ताट वाढून देत नसतं, म्हणून निवडीची वेळ हलवावी लागते. ॲम्स्टरडॅममध्ये १९९८ मध्ये नोकरदार माणसांना पुढच्या आठवड्यात खायला काय हवं, असं विचारलं तेव्हा बऱ्याच जणांनी फळ सांगितलं. प्रत्यक्ष त्या दिवशी बदलायची संधी दिल्यावर अनेकांनी चॉकलेट उचललं. दूरचं ठरवताना आपण शहाणे असतो. त्याचा फायदा घ्या: आठवड्याची भाजी रविवारी जेवण झाल्यावर ठरवा आणि आणूनही ठेवा. मंगळवारी संध्याकाळी भुकेल्या पोटी जो ठरवतो त्याच्या हातात फक्त जुडी असावी.

चहातली साखर, आमटीतलं मीठ यांना चढणीऐवजी उतरण लागते. दर पंधरवड्याला पाव चमचा कमी, आणि घरात जाहीर न करता. १९८२ मध्ये मोनेल संस्थेतच काही जणांना पाच महिने कमी मिठाच्या आहारावर ठेवलं, तर त्यांना सूप आणि बिस्किटातलं मीठही आधीपेक्षा कमीच रुचू लागलं. साखरेच्या बाबतीत हे इतकं सरळ होत नाही असा माझा अनुभव आहे. दोन चमच्यांवरून एकावर आले, तिथून खाली दोन वर्षं अडकलेय.

थांबायचं कधी

पंधरा बिनगोल खुणा झाल्या आणि तरी मूल थुंकतंच आहे, तर बंद करा. हार मानल्यासारखं सांगू नका, नुसती करायची थांबवा. दोन-तीन महिन्यांनी, वेगळ्या रूपात पुन्हा. मूल एकूणच चार-पाच पदार्थांपलीकडे काही खात नसेल, वजन वाढत नसेल, गिळताना सारखं ठसकत किंवा ओकत असेल, तर पेन्सिलीच्या रेघा बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

१९३९ मध्ये क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी आपल्या एका जुन्या प्रयोगाबद्दल लिहिलं. अंगावरचं दूध नुकतंच सुटलेल्या १५ बाळांपुढे तिशीहून जास्त साधे पदार्थ ठेवले, आणि दायांना सक्त ताकीद दिली की भरवायचं नाही, सुचवायचं नाही, कौतुकही नाही. बाळांनी आपापल्या तऱ्हेने खाल्लं आणि धडधाकट वाढली. मेख कुठे होती ते बाईंनीच सांगितलं: यादीत साखरेचं, डबाबंद असं काही नव्हतंच. यादी मोठ्यांनी करायची, खायचं किती ते मुलाने. आमचं घर सध्या याच वाटणीवर चालतं.

सहा आठवड्यांचा आमचा हिशेब: मुलाच्या नावावर सतरा रेघा, त्यांतल्या शेवटच्या सहा टिंबाविना. आता तो शेपू मागत नाही, पण वाढला तर खातो, आणि "वासाचं" न म्हणता "शेपू" म्हणतो. नवऱ्याच्या चौकोनात नऊ रेघा आहेत, लोणच्याची बरणी अजून जवळच असते. पडवळाला अकरा खुणांनंतर रजा दिलीय. गौरी बसल्या की पुन्हा आणीन.